दुसऱ्याच्या नावावरची झोप

१

नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल दुपारी आला. सहायक पोलीस निरीक्षक ज्योत्स्ना मडावीनं तो उभ्याउभ्याच वाचला आणि खुर्चीत न बसता परत एकदा वाचला. पुनाजी कुमरेच्या रक्तात दारूचा थेंबही नव्हता.

गेला महिनाभर अख्खं पुलगाव एकच गोष्ट सांगत होतं. प्रभाकरराव लोणाऱ्यांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा ट्रक भरदुपारी रुईच्या गाठी घेऊन निघाला, नाचणगावच्या वळणावर वळलाच नाही, सरळ नत्थूच्या सायकल दुरुस्तीच्या टपरीत घुसला आणि पुढच्या कडुनिंबावर आदळला. नत्थू जागीच गेला. ड्रायव्हर पुनाजी दवाखान्याच्या वाटेवर गेला. आणि पुनाजीला माती देऊन माणसं घरी पोचायच्या आत लोकांनी निकालही देऊन टाकला होता, की आदिवासी गडी, मोहाची टाकून बसला असेल. हे वाक्य ज्योत्स्नानं चहाच्या ठेल्यावर ऐकलं, तहसीलच्या पायऱ्यांवर ऐकलं, आपल्याच ठाण्यात एका हवालदाराच्या तोंडून ऐकलं. समोरच्या बाईचं आडनाव मडावी आहे, तीही गोंडच आहे, याचं बोलणाऱ्याला भान नसे. कुणाला असेही, आणि तरी तो बोले. हातात कागद नव्हता म्हणून तिनं आजवर कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आता कागद होता.

ट्रकचे ब्रेक शाबूत होते, हे आरटीओच्या माणसानं आधीच सांगितलं होतं. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूण नव्हती. म्हणजे पुनाजीनं ब्रेक दाबलाच नाही. तो स्टिअरिंगवर झोपला होता, किंवा कुणी त्याला झोपवलं होतं. झोपेच्या औषधासाठी रक्त पुन्हा तपासा, असं तिनं प्रयोगशाळेला लगेच कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच ती लोणाऱ्यांच्या घरी धडकली. घर आणि जिनिंगचं ऑफिस एकाच आवारात. प्रभाकरराव नुकते उठले असावेत. भारदस्त, जाड मानेचे गृहस्थ. त्यांच्या दोन्ही गालांवरून कानांकडे गेलेले लालसर वळ अजून विरले नव्हते, उशीची घडी गालात रुतावी तसे. त्यांनी अहवालाची बातमी शांतपणे ऐकली आणि लगेच दुसरं नाव पुढे केलं. लखन. त्यांचाच जुना ड्रायव्हर. त्याला त्यांनी कामावरून काढलं होतं, तो डूख धरून होता, आणि अपघाताच्या सकाळी जिनिंगच्या गेटवर त्यानं पुनाजीला चहा पाजला होता. चहात काय होतं ते त्यालाच विचारा, म्हणाले.

लखनला का काढलं, यावर त्यांनी मुलाला हाक मारली. योगेंद्र टॅबलेट घेऊन आला. रुई विकत घेणाऱ्या एका मोठ्या गिरणीनं अट घातली होती, की ड्रायव्हरांची झोप तपासून घ्या. म्हणून नागपूरच्या एका कंपनीचा सचिन नावाचा माणूस आला आणि त्यानं सगळ्या ड्रायव्हरांच्या मनगटाला घड्याळासारखे पट्टे बांधले. पट्टा आठवडाभर काढायचा नाही. रात्री झोपेत श्वास किती वेळा अडतो, रक्तातला प्राणवायू किती खाली जातो, नाडी कशी उसळते, हे तो टिपून ठेवतो. झोपेत ज्याचा श्वास सारखा तुटतो, त्याची रात्रीची झोप पुरी होत नाही आणि दिवसा त्याचा डोळा कधी लागेल याचा नेम नसतो.

योगेंद्रनं पडद्यावर बोट फिरवलं. सगळी नावं हिरवी. फक्त लखनचं लाल.

“आणि पुनाजी?” ज्योत्स्नानं विचारलं.

पुनाजीचं नाव सगळ्यात वर होतं. सगळ्यात स्वच्छ झोप त्याचीच.

“मला त्यातलं काही कळत नाही,” प्रभाकरराव हात झटकत म्हणाले. “मनगटावरचा पट्टा झोप कशी मोजतो, देव जाणे. हे सगळं योगेंद्र पाहतो.”

ज्योत्स्ना जीपमध्ये बसून हिशेब लावू लागली. भरदुपारी स्टिअरिंगवर झोपून दोन माणसं गेली, आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तोच त्या मशीनच्या मते सगळ्यात छान झोपणारा होता. एक तर मशीन खोटं बोलत होतं, नाहीतर मशीनच्या तोंडून कुणी माणूस बोलत होता.

२

सुंदरा, पुनाजीची बायको, नाचणगावच्या कडेला दोन खोल्यांत राहत होती. पोलिसांची जीप दिसल्यावर शेजारची दारं लोटली गेली. नत्थूचं घर त्याच गल्लीत होतं. नत्थूची बायको प्रमिलाबाई अपघातापासून सुंदराकडे पाहत नव्हती, आणि ती पाहत नाही म्हणून गल्लीही पाहत नव्हती.

ज्योत्स्ना गोंडीत बोलली. सुंदरानं चमकून वर पाहिलं, दोन शब्द गोंडीत दिले आणि मग सवयीनं वऱ्हाडीवर आली. दारू नव्हती, हे ऐकून ती रडली नाही. “मले माईत होतं,” एवढंच म्हणाली.

झोपेचं विचारलं तेव्हा मात्र ती बोलती झाली. पुनाजी अंगानं भरलेला, जाड मानेचा गडी होता, आणि घोरायचा. साधासुधा नाही, पलीकडच्या घरातली माणसं सकाळी थट्टा करत. घोरता घोरता मध्येच एकदम आवाज बंद. सुंदरा अंधारात कान देऊन पडून राही. मग तो पाण्यातून वर आल्यासारखा मोठ्यानं श्वास घेई आणि पुन्हा घोरू लागे. ती कोपर मारून त्याला कुशीवर वळवायची. सकाळी त्याचं डोकं जड असे. जेवताना घास हातात धरून त्याचा डोळा लागे.

“मॅडम, तो आळशी नव्हता,” सुंदरा म्हणाली. “मालक एक खेप सांगे, हा दोन करे. नाई म्हनाची त्याले आदतच नव्हती.”

ज्योत्स्नानं पट्ट्याचं विचारलं. तो आठवडाभर त्याच्या हातावरच होता, आंघोळीलाही काढला नव्हता. तिनं जरा आडवळणानं विचारलं, की नोकरी जायच्या भीतीनं त्यानं तो दुसऱ्या कुणाच्या हातात बांधायला तर दिला नव्हता ना.

सुंदराचा चेहरा तापला. “त्याले काई लपवाचंच नव्हतं. त्यानं तं मालकाले सोता सांगतलं, का मले दिवसा झोप येते, दवाखान्यात दाखवा. निकाल आल्यावर मालकानं बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. म्हने, मशीन सांगते तुले काहीच नाई. पेढा देला. हा घरी आला तं हासत होता. म्हने, सुंदरा, तू उगाच भेवते.”

मालकानं. ज्याला त्यातलं काही कळत नाही, त्या मालकानं. पण निकाल मुलाकडून कळला असेल, असंही म्हणता येत होतं. ज्योत्स्नानं तो शब्द मनात खोचून ठेवला आणि वर्ध्याचा रस्ता धरला. आता लखनला गाठायचं होतं, तो पळून जायच्या आत.

३

लखन पळाला नव्हता. वर्ध्याच्या स्टेशनसमोर तो भाड्याची ऑटो चालवत होता. काटकुळा, नरड्याची घाटी वर आलेला, तोंडाचा फाटका माणूस. चहाचं नाव काढताच तो उसळला.

“पुनाजीले मी जहर देईन? मॅडम, त्या दिवशी मी त्याले सांगाले गेलतो, का तू लांबच्या खेपेले दुसरा ड्रायव्हर माग. मी मागतला म्हनून मले काढलं. तू मागशीन तं निदान दोघं होऊ.”

हे प्रभाकररावांनी सांगितलं नव्हतं. लखन वर्षभर मालकाच्या मागे लागला होता. लांबच्या गाडीवर एकाच माणसाला जुंपू नका, म्हणत होता. चार ड्रायव्हर त्याच्या बाजूला आले होते. मग पट्ट्याचा निकाल लागला आणि मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं, की लखनला झोपेचा आजार आहे, त्याच्या हातात गाडी देणं म्हणजे लोकांचा जीव घेणं. त्यानंतर त्याला जिल्ह्यात कुणी ट्रक दिला नाही.

“मले आजार असता तं कबूल केला असता,” लखन म्हणाला. “पन ज्या हप्त्यात तो पट्टा हातावर होता, त्याच हप्त्यात आर्वीले भाचीचं लगन होतं. मी रातभर नाचत होतो. सकाळपर्यंत डोळ्याले डोळा नाई लागला. अन् मशीन म्हनते, मी त्या राती झोपलो अन् झोपेत गुदमरलो.”

त्यानं मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ दाखवला. वाजंत्र्यांपुढे लखन नाचत होता. हात वर, मनगटावर काळा पट्टा.

ज्योत्स्नानं योगेंद्रकडून घेतलेले निकाल आपल्या मोबाइलवर उघडले. लखनच्या नावावर त्या रात्रीची झोप होती, पुरी आणि तुकड्यातुकड्यांची. मग तिनं पुनाजीचं पान काढलं. त्याच रात्री पुनाजीच्या नावावर झोपच नव्हती. रात्रभर हालचाल, रात्रभर नाडी पळत होती. आणि सुंदरा सांगत होती, की त्या आठवड्यात पुनाजी रोज घरी होता, रोज घोरत होता.

रात्रभर नाचणाऱ्याची हालचाल घोरणाऱ्याच्या नावावर गेली होती, आणि घोरणाऱ्याचं गुदमरणं नाचणाऱ्याच्या नावावर. पुनाजीच्या आजारापायी लखनची नोकरी गेली. लखनच्या धडधाकट झोपेपायी पुनाजी गाडीवर राहिला आणि मेला.

तेवढ्यात नागपूरहून फोन आला. तिच्या सांगण्यावरून प्रयोगशाळेनं रक्त पुन्हा तपासलं होतं. झोपेचं औषध नव्हतं. चहा चहाच होता.

आता एकच प्रश्न उरला होता. पट्टे बांधताना गफलतीनं उलटसुलट झाले, की कुणी मुद्दाम उलटवले? गफलत असेल तर गुन्हेगार कुणीच नव्हता, आणि हाच बचाव प्रभाकररावांचा वकील करणार, हे ज्योत्स्नाला आत्ताच ऐकू येत होतं.

४

छातीच्या आजारांच्या डॉक्टर रक्षा यांचा दवाखाना वर्ध्यातच होता. त्यांनी दोन्ही पानं टेबलावर मोबाइल ठेवून निवांत वाचली. आधी त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. पट्टा फक्त संशय दाखवतो. त्यानंतर माणसाला रात्रभर यंत्रं लावून नीट तपासायचं असतं, आणि आजार पक्का ठरला तर त्याच्यावर इलाज असतो. लाल निकाल म्हणजे नोकरीवरून हाकलायचं पत्र नव्हे, दवाखान्यात न्यायचा निरोप. लखनलाही कुणी दवाखान्यात पाठवलं नव्हतं, हे ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मग त्यांनी लाल पानावर बोट ठेवलं. “हा लखन किती जाड आहे?”

काडीसारखा आहे, ज्योत्स्ना म्हणाली.

“मग या पानावर कुणाचं वजन आहे? आणि मानेचा घेर बघा. ही पैलवानाची मान आहे.”

ज्योत्स्नानं पुढे वाकून पाहिलं. झोपेत श्वास अडणं जाड मानेच्या माणसांत जास्त दिसतं, म्हणून पट्टा बांधतानाच ही मापं घेतात, डॉक्टर सांगत होत्या. ज्योत्स्नाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पट्टे बांधताना अदलाबदल झाली असती, तर लखनच्या पानावर लखनचीच मापं असती, फक्त झोप पुनाजीची आली असती. इथे झोपही पुनाजीची, वजनही पुनाजीचं, मानही पुनाजीची. परकं होतं ते फक्त नाव. म्हणजे पट्टे बरोबर हातांवर होते. निकाल बघून झाल्यावर कुणीतरी नावं बदलली होती, आणि खालची मापं बदलायची राहून गेली होती.

तिनं तिथूनच सचिनला फोन लावला. सचिन घाबरला, पण त्याचं उत्तर सरळ होतं. नावाची चूक दुरुस्त करायची सोय टॅबलेटवर होती. त्यानं आपल्याकडची नोंद पाहिली आणि सांगितलं, की नावं बदलली गेली ती निकाल आले त्याच दिवशी, लोणाऱ्यांच्या घरच्या टॅबलेटवरून. तो स्वतः त्या दिवशी कुठे होता? अकोल्याला, दुसऱ्या एका गिरणीत पट्टे दाखवायला. सोबत योगेंद्र होता. रात्री दोघं तिथेच राहिले.

म्हणजे सचिन नाही आणि योगेंद्रही नाही. घरात उरले प्रभाकरराव आणि ऑफिसचं काम पाहणारी सून दिपाली. सुनेला टॅबलेट वापरता येतो, असं सचिननंच सांगितलं. सासऱ्याला मात्र, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, त्यातलं काही कळत नव्हतं.

“यावर इलाज काय असतो?” ज्योत्स्नानं उठता उठता विचारलं. पुनाजीला काय मिळालं असतं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी कपाटातून एक छोटं यंत्र काढलं. नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. रात्रभर ते हवेचा दाब देत राहतं आणि घसा मिटत नाही. माणूस पहिल्याच आठवड्यात ताजातवाना होतो. त्यांनी मास्क स्वतःच्या चेहऱ्याला लावून दाखवला. त्याचे दोन पट्टे नाकाच्या बाजूंनी निघून गालांवरून कानांकडे जात होते.

ज्योत्स्ना दारातच थांबली. “हा सकाळी काढल्यावर गालांवर खुणा राहतात?”

“घट्ट बांधला तर राहतात. तासाभरात जातात.”

५

ती गेली तेव्हा सगळे ऑफिसात होते. ज्योत्स्नानं हवालदाराला दाराशी उभं केलं आणि बसायला नकार दिला. बसली असती तर हात टेबलावर आपटला असता, अशी तिची अवस्था होती.

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. लग्नातली रात्र, मानेचा घेर, अकोला. योगेंद्रचा चेहरा उतरत गेला. प्रभाकरराव मात्र ऐकता ऐकता सावरून बसले आणि शेवटी त्यांनी सुनेकडे पाहिलं. टॅबलेट तीच हाताळते, ते म्हणाले. तरुण पोरगी आहे, चुकून बोट लागलं असेल.

दिपाली उभी होती ती भिंतीला टेकली.

“चुकून बोट लागून दोन नावं आपसांत बदलत नाहीत,” ज्योत्स्ना म्हणाली. “ज्यानं बदलली त्याला लाल रंगाचा अर्थ ठाऊक होता. पुनाजी नाही म्हणत नाही आणि लखन नाही म्हणतो, हे ठाऊक होतं. दिपालीबाईंना लखन गेल्यानं काय मिळणार होतं? आणि तुम्ही म्हणता, तुम्हाला यातलं कळत नाही. प्रभाकरराव, तुम्ही रात्री मास्क लावून झोपता.”

प्रभाकररावांचा हात नकळत गालाकडे गेला.

“सकाळी तुमच्या गालांवर त्याचे वळ होते. तुम्हाला हाच आजार आहे. झोपेत श्वास तुटला की दिवसा माणसाचं काय होतं, हे या खोलीत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.”

बोलली ती दिपाली. आवाज लहान होता, पण थांबला नाही. “बाबांचा पट्टा तर सगळ्यात आधी आला होता. ते रोज सकाळी आपला निकाल टॅबलेटवर बघतात. हे अकोल्याला गेले त्या दिवशी बाबांनी मला विचारलं, कुणाचं नाव चुकीचं पडलं तर कसं बदलायचं. मी दाखवलं. मला वाटलं, स्पेलिंग चुकलं असेल.”

योगेंद्र वडिलांकडे पाहत राहिला. प्रभाकरराव पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं, आणि मग जे बोलले ते ज्योत्स्नाला पुढे कित्येक दिवस छळत राहिलं. पश्चात्ताप त्यात कुठेच नव्हता. त्यांनी सांगितलं, की लखन एकेकाला फितवत होता, जिनिंग बंद पाडली असती त्यानं. पुनाजी गुणी होता. लाल निकाल लागला असता तर गिरणीच्या अटीप्रमाणे त्याला घरी बसवावं लागलं असतं.

“मी त्याची नोकरी वाचवली, मॅडम. उपकारच केले त्याच्यावर.”

“त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, दिवसा झोप येते, दवाखान्यात दाखवा.”

“सगळेच ड्रायव्हर सांगतात.”

“तुम्हाला दिवसा झोप येत होती तेव्हा तुम्ही कुठे गेलात?” ज्योत्स्नाचा आवाज चढला तो तिला आवरला नाही. “डॉक्टरांकडे गेलात. यंत्र आणलंत. स्वतःच्या नाकावर बांधलंत. त्याला पेढा दिलात. आणि तो मेल्यावर गावाला सांगितलंत, मोहाची प्यायला होता. पहिल्यांदा हे कुणी म्हटलं ते मी शोधून काढीन, आणि तुमचंच नाव निघेल.”

प्रभाकररावांनी वकिलाला फोन लावू द्या म्हटलं. तिनं लावू दिला. मग त्यांना जीपमध्ये बसवलं. योगेंद्र दारापर्यंतसुद्धा आला नाही.

६

सुंदराला सांगायला ती साध्या कपड्यांत गेली नाही, वर्दीतच गेली. गल्लीनं पाहावं, असं तिला वाटत होतं. तिला वाटत होतं, आपण या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला चाललो आहोत. नवरा दारुडा नव्हता. आजारी होता. मालकानं फसवलं.

सुंदरानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या आजाराले दवा होती?”

ज्योत्स्नानं यंत्राचं सांगितलं.

“म्हंजे तो जगला असता.”

ज्योत्स्नानं मान डोलावली.

“अन् नत्थूभाऊ बी.” सुंदरा उंबऱ्यावर बसली होती, तिनं पदर मुठीत आवळला. “मॅडम, दारूच बरी होती. दारूचा राग मले त्याच्यावर काढता आला असता. रातभर मी कोपर मारत राह्यली त्याले, अन् तो मालक मशीन लावून झोपत होता. आता हा राग मी कुठं नेऊ?”

ज्योत्स्नाच्या जिभेवर कोर्टाचं नाव आलं, साक्ष आली, कलम आलं. त्यातलं एकही सुंदरापुढे ठेवण्याजोगं तिला वाटलं नाही. 

सुंदरा उठली. डोक्यावर पदर घेतला, पायात चप्पल घातली.

“कुठे निघाल्या?”

“प्रमिलाबाईकडे. तिले कोनी सांगतलं नसन.”

“मी येते सोबत. मी सांगते.”

“तुमी नका येऊ. वर्दी पाहून प्रमिलाबाई दार लावून घेईन.” सुंदरा गल्लीत उतरली. “तिचा माणूस बी मालकानंच मारला. तिनं हे माह्याच तोंडून आयकाव.”

शेजारची दारं पुन्हा अर्धी उघडली होती. सुंदरा कुणाकडे न पाहता चालत गेली आणि नत्थूच्या घरापुढे उभी राहिली. तिनं कडी वाजवली. आतून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा वाजवली, या वेळी जोरात, आणि बंद दारालाच मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली. पुनाजीचा आजार. बदललेलं नाव. मालकाचं यंत्र. एकेक गोष्ट, न रडता.

ती यंत्रापर्यंत आली तेव्हा आतली कडी निघाली. प्रमिलाबाई दारात उभी होती. तिनं सुंदराला आत ये म्हटलं नाही. ती उंबरा ओलांडून स्वतःच बाहेर आली, सुंदराच्या शेजारी उभी राहिली, आणि गल्लीतल्या अर्धवट उघड्या दारांकडे पाहत म्हणाली, “पुन्यांदा सांग. पैल्यापासून सांग. सगळ्यायले आयकू दे.”